छोट्या हॅचबॅकमध्ये आम्ही पाच जण: आठ वर्षांचा अनुभव आणि एक प्रश्न

डिकीभर

नमस्कार मंडळी,

गाडी घेऊन या महिन्यात आठ वर्षं झाली. काटा १,०४,००० किलोमीटरवर आहे. घरात मी, बायको, आई, अकरा वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. चार मीटरच्या आतली, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची साधी हॅचबॅक. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. कारण मी जे लिहिणार आहे ते या आकाराच्या बहुतेक गाड्यांना लागू पडतं, आणि नाव आलं की चर्चा कंपन्यांच्या भांडणाकडे वळते.

गेले सहा महिने भेटेल तो विचारतो, "मोठी कधी घेताय?" आता घरातही तोच विषय निघतो. निर्णय घेण्याआधी आठ वर्षांत काय कळलं ते सांगतो आणि तुमचं मत मागतो.

पहिली सहा वर्षं मी ही गाडी मापं न बघता वापरली. बसतील तेवढी माणसं, मावेल तेवढं सामान. मागची चाकं खड्ड्यात आपटली की म्हणायचो, छोटी गाडी आहे, चालायचंच. मग एकदा पुस्तिका नीट वाचली. गाडीचं रिकामं वजन ९२० किलो, भरलेल्या गाडीची कमाल मर्यादा १३६०. म्हणजे माणसं आणि सामान मिळून ४४० किलो. सत्तर किलोची पाच मोठी माणसं बसली की ३५० तिथेच संपले. टपावर काही बांधलं तर तेही याच ४४० मध्ये, आणि टपाची मर्यादा वेगळी, ती त्याहून बरीच कमी. ही बेरीज मी सहा वर्षं केलीच नव्हती.

दुसरी गोष्ट ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरची. त्यावर टायरच्या हवेचे दोन आकडे असतात, एक नेहमीसाठी आणि एक भरलेल्या गाडीसाठी. माझ्या गाडीला नेहमीसाठी मागे ३० पीएसआय आणि पूर्ण भरली की ३६. मी कायम ३० वरच सगळ्यांना घेऊन फिरत होतो. पुढच्या लांबच्या प्रवासाला मागे ३६ भरली आणि गाडीचं मागून झोल खाणं निम्म्याने कमी झालं. शॉकअप बदलायचे म्हणून मी पैसे बाजूला काढले होते. ते अजून तसेच आहेत.

आता वासाचं सांगतो, कारण हा त्रास बऱ्याच हॅचबॅकवाल्यांना होत असणार. दोन पावसाळे गाडीत ओल्या फडक्यासारखा वास यायचा. एसी साफ केला, केबिन फिल्टर दोनदा बदलला, सगळे मॅट उन्हात वाळवले. वास हटेना. आईला श्वासाचा त्रास आहे, ती मागे बसायचीच टाळायला लागली. एका वर्कशॉपने कूलिंग कॉइल बदलायचा सल्ला दिला. सुदैवाने त्याच आठवड्यात पंक्चर झालं. स्टेपनी काढली तर खालच्या खोलगट जागेत तळहात बुडेल इतकं पाणी!

पाणी येतंय कुठून हे शोधायला एक रविवार गेला. डिकीतलं कार्पेट आणि बाजूची अस्तरं काढली, आतल्या पत्र्यावर सगळीकडे टाल्कम पावडर भुरभुरली. मागची सीट पाडून मुलगी टॉर्च घेऊन आत बसली आणि मी बाहेरून होज पाईपने एकेक जागा भिजवत गेलो. आधी काच, मग दाराचं रबर, मग मागचे लाइट. डाव्या लाइटवर पाणी सोडल्यावर आतून आवाज आला, "बाबा, इथे ओघळ आला." लाइटमागचं रबरी गॅस्केट कडक होऊन चिरलं होतं. गॅस्केट नवं घातलं, दोन दिवस सगळं वाळवलं. वास गेला तो गेलाच. आई पुन्हा तिच्या खिडकीशी बसायला लागली.

म्हणून माझं मत असं झालंय, की छोट्या गाडीच्या नावावर आपण ज्या तक्रारी टाकतो त्यातल्या पुष्कळ आपण तिची मापं आणि तिचे कोपरे न पाहिल्यामुळे असतात. पण मत चुकूही शकतं. मुलगी वाढते आहे, आईचे गुडघे दुखतात. ही गाडी आणखी तीन वर्षं ठेवावी का? ठेवायची तर आठव्या वर्षी काय काय बघून घ्यावं?

---

मागची_सीट

धागा आवडला. पाण्याचा शोध वाचून आमच्या डिकीतलं कार्पेट आत्ताच उचलून आले. कोरडं आहे.

मी या गाड्यांकडे कायम मागच्या सीटवरून बघते, कारण दोन मुलं होईपर्यंत माझी जागा तीच. तुम्ही तीन वर्षांच्या मुलाला कुठे बसवता? मोकळं विचारते, राग मानू नका. आयसोफिक्सच्या, म्हणजे मुलाची सीट गाडीला थेट अडकवायच्या कड्या बहुतेक हॅचबॅकमध्ये मागच्या दोन कडेच्या सीटनाच असतात. सीट एका कडेला लावली की मधल्या जागेचं बकल तिच्या बुडाखाली अर्धं जातं आणि मधल्या माणसाला पट्टा लावताच येत नाही. मग तो "जवळच तर जायचंय" म्हणून बिनपट्ट्याचा बसतो. गाडी घेताना किंवा ठेवताना खरी चाचणी हीच: मुलाची सीट लावलेली असताना उरलेल्या दोघांचे पट्टे टक् करून लागतात का?

५० च्या वेगाने गाडी अचानक थांबली तर बिनपट्ट्याच्या माणसाची गत दहा मीटर उंचीवरून पडल्यासारखी होते. हे भौतिकशास्त्रातलं साधं गणित आहे. आणि मागचा माणूस उडतो तो पुढच्याच्या पाठीवर.

हॅचबॅकची आणखी एक गोष्ट. डिकी आणि माणसं यांच्यात फक्त सीटची पाठ असते, वर तो पातळ पार्सल ट्रे. सीटच्या पाठीच्या वर सामान रचलं की ब्रेक लागताच ते डोक्यात येतं. जड बॅगा खाली, सीटच्या पाठीला चिकटवून. वर कपड्यांच्या पिशव्यासुद्धा नकोत. आईंच्या हेडरेस्टचा वरचा काठ डोक्याच्या वरच्या पातळीला येतो का तेही बघा. बरेच लोक तो खाली दाबूनच ठेवतात आणि मग तो मानेला टेकतो.

---

तीन_सिलिंडर

मलाही पाणी सापडलं होतं, पण पुढे, पायाखाली. वायपरच्या खालच्या जाळीत पानं साचून निचऱ्याची भोकं बुजली होती. दारांच्या खालच्या काठालाही भोकं असतात, तीही मोकळी ठेवा. नाहीतर दार आतून गंजतं आणि पत्रा फुगला की मगच कळतं.

तुमचं इंजिन तीन सिलिंडरचं असेल तर उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरतं का ते सांगा. थोडी थरथर या रचनेत असतेच. चार सिलिंडरमध्ये क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या दांड्याच्या, दर १८० अंशांना एक स्फोट होतो, तीनमध्ये दर २४० अंशांना. पण थरथर वाढत गेली असेल तर इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्या रबरी आधारांवर टेकतं ते, बघा. ते रबर आठ वर्षांत बसतं. माझं बसलं होतं आणि मी वर्षभर इंजिनलाच दोष देत होतो.

---

डिकीभर

@मागची_सीट, राग कसला! काल संध्याकाळी चाचणी घेतली. मुलाची सीट ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटमागे आहे, मुलगी मधे, आई दुसऱ्या खिडकीशी. मुलीचा पट्टा लागतो, पण सीटचं बूड उचलून, हात आत घालून. ती स्वतः लावू शकत नाही, मी किंवा बायको लावून देतो. घाईत आम्ही ते प्रत्येक वेळी केलंय असं मी म्हणू शकत नाही. हे लिहायला जड जातंय. आईंचं हेडरेस्ट पूर्ण खाली होतं, चार खाचा वर घेतलं.

@तीन_सिलिंडर, तीनच आहे. थरथर आहे, वाढली का ते सांगता येत नाही, रोजची सवय झाली.

---

स्पॅनर_दहाचा

मी गॅरेजमध्ये काम करतो. धाग्यात गाडीवर प्रेम आहे आणि वर्कशॉपवर नुसता राग नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

दादा, एक लाखाच्या आकड्याला घाबरू नका. वेळेवर ऑइल बदललेलं पेट्रोल इंजिन एक लाखाला म्हातारं होत नाही. आठव्या वर्षी लक्ष द्यायचं ते रबर आणि द्रव पदार्थांकडे. ते किलोमीटरने नाही, वर्षांनी जुने होतात.

ब्रेक ऑइल आधी. ते हवेतलं बाष्प शोषतं. नवं डीओटी ४ दर्जाचं ऑइल २३० अंशांच्या वर उकळतं, पाणी मुरल्यावर हाच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. भरलेली गाडी घाट उतरते, आपण पाय ब्रेकवरच ठेवतो, ऑइल उकळतं, वाफ होते, आणि पेडल मऊ होऊन खाली जातं. साधारण दोन वर्षांनी बदलायचं. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या गाड्यांत निम्म्यांचं ते कधीच बदललेलं नसतं, कारण गाडी रोज नीट थांबत असते आणि कुणी विचारत नाही. घाट उतरताना ज्या गिअरने चढाल त्या गिअरने उतरा, हेही सांगून ठेवतो.

कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा द्रव. नुसतं पाणी ओतून चालवलेल्या गाड्या मी रोज बघतो. कूलंटचं काम फक्त गोठू न देणं नाही. त्याने उकळण्याचा बिंदू वर जातो आणि आतला ॲल्युमिनियम गंजत नाही. टाकीतला रंग बघा. गढूळ, तांबूस दिसला तर आत गंज सुरू आहे.

टायर. बाजूच्या भिंतीवर लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर असली तरी रबर म्हातारं होतं. बऱ्याच कंपन्या पाच वर्षांनंतर दर वर्षी तपासणी सांगतात आणि दहा वर्षांना कमाल मर्यादा. स्टेपनीचाही आकडा वाचा, तिला सगळे विसरतात. ती बारीक, तात्पुरती असेल तर तिच्यावरच ८० ची वेगमर्यादा छापलेली असते.

एक गोष्ट लोकांना पटवताना माझा घसा बसतो. आपल्या गाड्यांना पुढची चाकं ओढतात, वळवतात, ब्रेकचा मोठा भारही घेतात, म्हणून पुढचे टायर आधी झिजतात. दोनच नवे घेतले की गिऱ्हाईक म्हणतं पुढे लावा. नवे मागे लावा! ओल्या रस्त्यावर पुढची चाकं सरकली तर गाडी सरळ जाते, ते कळतं आणि बहुतेकांना सावरता येतं. मागची सरकली तर गाडी फिरते, आणि तिथे भल्याभल्यांचा हात चुकतो.

आणि डिकीचं दार उचलून धरणारे ते दोन काळे दांडे. त्यांत दाबाखाली नायट्रोजन असतो. थंडीत दाब कमी होतो, म्हणून म्हातारे झालेले दांडे आधी थंड सकाळी दार सोडतात. दार डोक्यावर आपटेपर्यंत वाट बघू नका, जोडीनेच बदला. बसवताना डिकी बंद असताना बारीक दांडी खाली येईल अशी दिशा ठेवायची, आतलं ऑइल सीलवर राहतं.

---

लांबचा_प्रवासी

थोडा विरोधी सूर लावतो. मी सात वर्षं हॅचबॅक वापरली आणि मागच्या वर्षी मोठी घेतली. मला पश्चात्ताप नाही.

वजन, हवा, रबर सगळं मान्य. पण पाच माणसं, एसी चालू, समोर लांब चढ आणि पुढे ट्रक, या वेळी ती गाडी काय देते ते प्रामाणिकपणे सांगा. माझी ८२ अश्वशक्तीची होती. मी दोनदा ओव्हरटेकला निघून अर्ध्यातून मागे आलो. दुसऱ्या वेळी बायको काही बोलली नाही, फक्त दाराचं हँडल धरून बसली. त्या दिवशी माझा निर्णय झाला. हवा तपासून हा प्रश्न सुटत नाही.

---

पाचवा_गिअर

@लांबचा_प्रवासी, तुमचा अनुभव खरा आहे आणि बाहेर काढलेली गाडी मागे घेतलीत हे उत्तम केलंत. एक भर घालतो. या छोट्या इंजिनांची पूर्ण ताकद मिनिटाला ५,५०० ते ६,००० फेऱ्यांच्या आसपास असते. आपण ॲव्हरेजच्या सवयीने २,००० वर गिअर टाकतो आणि चढावर चौथ्यातच पाय दाबत राहतो. तिथे इंजिनाकडे देण्यासारखं निम्मंही नसतं. ओव्हरटेकला निघण्याआधी, मागे असतानाच तिसरा किंवा दुसरा टाकून फेऱ्या वर न्याव्या लागतात. आवाज मोठा होतो, त्याला घाबरून लोक पाय काढतात. एवढं करूनही जागा पुरेशी वाटत नसेल तर ट्रकच्या मागेच राहायचं. पाच मिनिटं उशीर होतो, एवढंच.

ॲव्हरेजचंही सांगतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात तर वेग पाव पटीने वाढतो, विरोध ५६ टक्क्यांनी. मी दोन वर्षं टाकी टू टाकी वही ठेवली आहे. ८५ ने चालवलेल्या आणि १०५ ने चालवलेल्या त्याच रस्त्यात लिटरमागे चार किलोमीटरचा फरक पडतो. डॅशबोर्डवरचा आकडा मी आता बघतही नाही, तो माझ्या वहीपेक्षा कायम जास्त असतो.

---

मागची_सीट

एक धोक्याची गोष्ट राहिली, ती वेगळ्या प्रतिसादात लिहिते म्हणजे डोळ्यांत भरेल.

मागच्या वर्षी आम्ही एक उभं कपाट आणलं. डिकीत बसेना, म्हणून दार अर्धं उघडं ठेवून दोरीने बांधलं. अर्ध्या तासात माझं डोकं ठणकायला लागलं, धाकटा पेंगला. मला वाटलं ऊन. घरी आल्यावर नात्यातल्या एका इंजिनिअरने सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. हॅचबॅकचा मागचा भाग एकदम कापल्यासारखा उभा असतो. गाडी पुढे जाते तेव्हा त्याच्यामागे कमी दाबाचा पोकळ पट्टा तयार होतो आणि हवा भोवऱ्यासारखी परत दाराकडे वळते. सायलेन्सरचा धूर त्याच भोवऱ्यात सापडतो आणि उघड्या दारातून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही.

मागची काच सतत धुळीने माखते तीही याच भोवऱ्यामुळे. म्हणून मागे वायपर लागतो. दार उघडं ठेवून गाडी चालवू नका. लांब सामान असेल तर दुसरं वाहन करा.

---

रविवारचा_वाचक

अवांतर, पण विषयाला धरून. एवढ्या छोट्या लांबीत पाच माणसं मावतात कशी, हे कोडं सोडवायला माणसांनी फार डोकं लावलं आहे. १९५९ साली अलेक इसिगोनिस यांनी मिनी या ब्रिटिश गाडीत इंजिन आडवं बसवलं. जेमतेम तीन मीटरची गाडी, आणि जमिनीच्या क्षेत्रफळातला साधारण ८० टक्के भाग माणसांना आणि सामानाला मिळाला. पण मिनीला मागचं मोठं दार नव्हतं. ते रेनॉ ४ ने १९६१ मध्ये सर्वसामान्य घरांत नेलं, पुढच्या चाकांच्या ओढीसह. १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलात दान्ते जाकोसा यांनी आडव्या इंजिनाच्या शेजारी, त्याच रेषेत गिअरबॉक्स ठेवला. आज आपल्या बहुतेकांच्या बोनेटखाली तीच मांडणी आहे. १९७४ ची फोक्सवॅगन गोल्फ आली तोवर हा आकार घराघरांत रुळला होता. तिचं रूप जोर्जेत्तो जुजारो यांचं.

मला यात भावतं ते हे, की ही माणसं श्रीमंतांसाठी गाडी करत नव्हती. एका कुटुंबाला, त्याच्या बॅगांना आणि क्वचित एखाद्या खुर्चीला कमीत कमी लोखंडात कसं न्यायचं, एवढाच प्रश्न त्यांनी नेटाने धरला होता. पाडलेली सीट आणि उघडलेलं मागचं दार दिसलं की मला अजून त्या कल्पनेचं कौतुक वाटतं.

---

तीन_सिलिंडर

@रविवारचा_वाचक, वाचनखूण साठवली.

@स्पॅनर_दहाचा, माझी रोजची फेरी तीनच किलोमीटर आहे. त्याने काही बिघडतं का?

---

स्पॅनर_दहाचा

हो. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. ऑइलमध्ये बाष्प आणि न जळलेलं पेट्रोल उतरतं, सायलेन्सरमध्ये पाणी साचून तो आतून गंजतो, बॅटरीही पूर्ण भरत नाही. आठवड्यातून एकदा अर्धा तास मोकळ्या रस्त्यावर चालवा आणि ऑइल किलोमीटरची वाट न बघता वेळेवर बदला. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर साडेबारा व्होल्टच्या आसपास दिसलं पाहिजे. १२.२ दिसलं तर ती निम्मीच भरलेली आहे.

---

डिकीभर

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण आधी करून बघायचं होतं.

ब्रेक ऑइल: सर्व्हिसच्या जुन्या पावत्या काढल्या. आठ वर्षांत एकदाच बदललं होतं, चौथ्या वर्षी. काढलेलं ऑइल चहाच्या रंगाचं होतं. आता नवं आहे.

टायर: चारही चार वर्षांचे, ठीक. स्टेपनी गाडीबरोबर आलेली, म्हणजे आठ पूर्ण. तिच्यात हवा १४ पीएसआय निघाली. पंक्चर झालं तेव्हा मी हीच लावून घरी आलो होतो, मागच्या सीटवर सगळे होते. नवी घेतली.

इंजिन माउंटिंग खरंच बसलं होतं. बदलल्यावर सिग्नलला उभं राहिलो तर मुलगी म्हणाली, गाडी बंद पडली का.

वजन: @लांबचा_प्रवासी, तुमचा प्रतिसाद डोक्यातून जात नव्हता. सुट्टीला निघताना सगळे आणि सगळं सामान भरून गाडी वजनकाट्यावर घातली. १२५५ किलो. मर्यादेला १०५ बाकी. मग त्या प्रवासात पाचवा_गिअर यांनी सांगितलं तसं केलं: चढाला आधीच तिसरा, मोकळा रस्ता दिसेपर्यंत ट्रकच्या मागे. दोनच ओव्हरटेक केले. तरी तुमचं म्हणणं मला पटतं. मुलगी आणखी वीस-पंचवीस किलोंनी वाढेल आणि मुलाच्या बॅगा येतील तेव्हा हे १०५ उरणार नाहीत. त्यामुळे तीन वर्षांऐवजी दोन ठरवली आहेत, आणि दर सुट्टीला काट्यावर जायचं.

पट्ट्याचा प्रश्न मात्र दोन वर्षं थांबण्यासारखा नव्हता. एका दुकानात सहा सीट आमच्याच गाडीत लावून बघू दिल्या. पाचवीचं बूड अरुंद निघालं, मधलं बकल पूर्ण उघडं राहतं. मुलगी आता पट्टा स्वतः लावते, आणि आजीचा लागला का ते वाकून बघते.

आईच्या गुडघ्यांसाठी काय करावं ते कळत नव्हतं. तिनेच सांगितलं. तिला गाडी छोटी असल्याचा त्रास नाही, मी भिंतीला चिकटून लावतो त्याचा आहे. दार पूर्ण उघडलं तर ती आधी बसते, मग दोन्ही पाय एकत्र आत घेते, दुखत नाही. आठ वर्षांत मी तिला हे विचारलं नव्हतं. आता आधी तिला उतरवतो, मग गाडी लावतो.

कूलंट राहिलंय. टाकीत बघितलं तर हिरव्यात थोडी तांबूस झाक वाटते, पण टाकीचं प्लॅस्टिकच पिवळं पडलं आहे. @स्पॅनर_दहाचा, शनिवारी थंड इंजिनवर थोडं पांढऱ्या वाटीत काढून उजेडात बघतो आणि इथे लिहितो.